शाळेच्या अंगणातला तालुका

भोर संस्थान विलीन होण्याच्या बरीच वर्षं आधी मी विंझरच्या शाळेत मास्तर होतो. भोरला आमच्या घरात वडील कारकून, काका कारकून, थोरला भाऊही कारकून. मला कचेरीत कुणी घेतलं नाही, म्हणून मी ज्ञानदानाला वाहून घेतलं. निघताना घरच्यांना मात्र असं सांगितलं, की डोंगरातल्या पोरांना कुणीतरी भूगोल शिकवायलाच हवा. भूगोल माझा आवडता विषय. म्हणजे नकाशे आवडायचे. चालायला आवडायचं नाही. नसरापूरहून बैलगाडीनं विंझरला आलो, तो सारा मुलूख मी गाडीत झोपून पार केला.

दिवाळीनंतर निरोप आला, की शाळा तपासायला साहेब येणार. त्यांना सगळे ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटींच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करायचं माझ्या मनानं घेतलं. शाळेपुढच्या अंगणात मातीचा तालुका करायचा ठरवलं. डोंगर, नद्या, गावं, माणसं, सगळं त्यात असणार होतं. तो बघून दिपोटी मला भोरच्या मोठ्या शाळेत नेतील, हेही मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुलांनी माती आणली, मी धोतर खोचलं. राजगड बरा जमला. तोरणा काही केल्या जमेना. शाळेच्या दारातून खरा तोरणा समोर दिसायचा, पण तो माझ्या पुस्तकातल्या नकाशाशी जुळत नव्हता. म्हणून मी त्याच्याकडे पाठ करून बसलो आणि पुस्तकाबरहुकूम तोरणा उभा केला. कानंदी नदीसाठी तोरण्याच्या पायथ्यापासून बोटानं चर ओढला. तिच्या काठी विंझर, पुढे मार्गासनी, पार तिकडे कोपऱ्यात भोर.

मग लोकसंख्या. ती नाचणीच्या दाण्यांनी दाखवायची ठरली. विंझरला घराघराची जागा आखून माणसागणिक एक दाणा, बाकीच्या गावांना अंदाजानं एकेक मूठ. ओल्या मातीत दाणे दाबत बसलो होतो, तेवढ्यात गावचे पाटील आले. अंगणाला एक फेरी मारून थांबले.

“ह्ये काय म्हनायचं, मास्तर?”

“आपला तालुका, पाटील. आणि हे दाणे म्हणजे माणसं.”

पाटलांनी वाकून बघितलं. “मार्गासनीला एवढी मानसं? आमच्या दुप्पट?”

“तिथं मूठ जरा मोठी भरली.”

“मग हितं बी भरा की! आमी काय मानसांत न्हाई व्हय?”

मी शास्त्र सोडून चार दाणे जास्त टाकले. पाटलांचं समाधान झालं नाही, पण ते गेले.

संध्याकाळी एक बाई पाण्याची घागर घेऊन जाता जाता थांबली. तिचा मुलगा माझ्याकडे दुसरीत होता, तो तिथंच माती मळत होता. तिनं मुलाला आपलं घर विचारलं, त्यानं दाखवलं. ती दाणे बघत राहिली.

“आमच्या घरात मानूस कमी हाय,” ती म्हणाली. “ह्याचे वडील मुंबईला गोदीत हायेत. त्यांचा दाना कुठंय?”

मी तिला समजावलं, की जो जिथं राहतो तिथं त्याची गणती होते. तिचे यजमान मुंबईच्या लोकसंख्येत.

“ऱ्हायला तिकडं हायेत,” ती म्हणाली, “पर हायेत हितलंच.”

मी पुस्तकात गणतीचा नियम शोधू लागलो. तिनं घागर खाली ठेवली, माझ्यापुढच्या सुपातला एक दाणा उचलला, आपल्या घरी दाबून बसवला आणि घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांची रीघ लागली. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा दीर बंदरावर, कुणाचे दोन भाऊ मुंबईत एकाच खोलीत. सगळ्यांना मी गावी आणलं. एक म्हातारी तर लग्न होऊन वेल्ह्याला गेलेल्या लेकीलाही परत घेऊन आली. मला नाही म्हणता येईना. दिवस मावळेपर्यंत विंझर भोरपेक्षा मोठं झालं होतं आणि पाटील फार खुशीत होते.

एवढी लोकसंख्या जमवली, पण तिला कुणी राखायला हवं, हे मला सुचलं नाही. दिपोटी यायच्या दिवशी सकाळी अंगणात आलो, तर पाटलांच्या कोंबड्या विंझर संपवून मार्गासनीत शिरल्या होत्या. मी धावलो, त्या भोरवरून उडाल्या. तेवढ्यात दिपोटींचं घोडं दारात.

निदान नदी तरी वाहती दाखवावी, म्हणून मी कळशी घेऊन तोरण्याच्या पायथ्याशी पाणी ओतलं. अंगणाला उतार नेमका तोरण्याच्याच बाजूला होता. कानंदी पुढे विंझरकडे जाईना. पाणी जागीच तुंबलं, आणि दिपोटी चष्मा सावरून बघत असताना आख्खा तोरणा हळूच बसला. किल्ला असा पडल्याचं इतिहासात कुठंही वाचलं नव्हतं.

“मास्तर, यात वस्ती दिसत नाही,” दिपोटी म्हणाले.

माझ्याआधी पाटीलच पुढे झाले. “कोंबड्यांनी खाल्ली, साहेब.”

“सगळी?”

“मार्गासनीची उरलीया थोडी,” पाटील नाराजीनं म्हणाले.

दिपोटी हसले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांनी मुलांचे पाढे ऐकले, पाणी प्यायलं आणि जाताना मला विचारलं, “तोरण्यावर कधी गेला होतात का?”

“नाही.”

“राजगडावर?”

“खालून पाहिलाय.”

“मुलांना घेऊन एकदा वर जा,” एवढंच बोलून ते घोड्यावर बसले. भोरच्या शाळेचा विषय काढायला मला तोंड राहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही तोरणा चढलो. पोरं पळत सुटली. मी दर वळणाला त्यांना थांबवून दगडांचे प्रकार समजावून सांगितले, कारण तेवढ्यात मला बसता येत होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कसाबसा माथ्यावर पोचलो. खाली कानंदी अगदी बरोबर दिशेनं निघाली होती. मी इतिहासाचं भाषण पाठ करून नेलं होतं. पण दम नव्हता, आणि पोरांना वेगळंच हवं होतं.

“मास्तर, मुंबई कुठल्या अंगाला?” एकानं विचारलं.

मी वायव्येला बोट दाखवलं. सगळी पोरं तिकडं तोंड करून कड्याशी उभी राहिली. इथून दिसत नाही, असं मी सांगितलं, तरी कुणी हललं नाही. मग मीही त्यांच्या शेजारी तिकडंच तोंड करून उभा राहिलो.

उतरताना माझे गुडघे लटपटायला लागले. दोन दांडग्या पोरांनी दोन्ही बगलांत हात घालून मला पायथ्याच्या वेल्ह्यापर्यंत आणलं, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून मास्तरांचं काय झालं ते अगदी पहिल्यापासून सांगितलं.