साउंडबारची कोशाची खोळ

आमच्या घरात माणसं सोडून सगळ्यांना खोळ आहे.

टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, शिलाई मशीनला आहे. इन्व्हर्टरची तर झालरीची आहे. (गॅसच्या शेगडीलाही शिवली होती, पण ती फार दिवस जगली नाही.) यात हसण्यासारखं काही नाही. मोहाडीतलं आमचं घर विणकराचं. मागच्या खोलीत हातमाग, आणि जन्मभर सुताची कस्पटं घरात उडत राहिली. दुपारच्या तिरिपेत ती अशी तरंगत यायची की वाटावं, घरातच चांदणं पडलंय. बघत राहावं असं दृश्य! फक्त ते चांदणं वरणातही पडे. म्हणून आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिचं माप घेतात, चालवून मग पाहतात.

आमच्या ह्यांचे कान त्या मागानंच नेले. एवढ्या वर्षांची खटखट, आणखी काय होणार? तसे पूर्ण गेले नाहीत. कुल्फीवाल्याची घंटी ह्यांना अजून चौकातून ऐकू येते. पण टीव्हीवरचं बोलणं काही येत नसे. म्हणून संध्याकाळी मालिका लागली की हे चित्र पाहायचे आणि मी शेजारी बसून गोष्ट सांगायची. मागून ते ढँण ढँण संगीत सुरू असे, त्याच्यावर आवाज चढवून सांगावं लागे. आणि आहे तसंच सांगायचं तर त्यात काय मजा? जिथं गोष्ट मला पातळ वाटे तिथं मी थोडं बेसन लावून घट्ट करत असे. हे मान हलवत, हसत, कधी डोळे पुसत. मी त्या दिवाणावर बसून अख्खी दुनिया चालवत होते म्हणा ना.

एक दिवस माझा घसा बसला. मी बोलायची थांबले तसा भिंतीपलीकडून बेबीबाईंचा आवाज आला. बेबीबाई आमच्या शेजारीण, माहेर करडी गावचं, आवाज तिथपर्यंत जाईल असा.

"काकी, थांबल्या काहून? त्या ड्रायव्हरचं काय झालं मंग?"

हे नेमकं ह्यांना ऐकू आलं! ह्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माह्यापायी तू घसा फोडते, अन् गल्ली आयकते. राहू दे आता." दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी हे मागच्या खोलीत, बंद मागाजवळ जाऊन बसू लागले. हातात धागा नाही, काही नाही. दिवाणाची ह्यांची बाजू रिकामी. मी एकटीनं मालिका पाहिली, तर ती अगदी मालिकेसारखीच दिसायला लागली. जीव रमेना.

लेकीला फोनवर सांगितलं. संगीता नागपूरला नोकरीत आहे. रविवारी ती एसटीनं आली ती काखेत एक लांबुडका खोका घेऊनच. हे तेव्हा बाजारात गेले होते.

"माय, हा साउंडबार. महागाचा नाही, पण यात सगळंच आहे. नेटवरचं सारं यातूनच दिसते, टीव्ही बदलायचं काम नाही. बोलणं एकदम साफ येते, बाबाले नक्की समजन. येत्या रविवारपर्यंत वापरून पाय. नाही जमला तं परत करू."

तिनं वायरी जोडल्या, एक गाणं लावलं. "किती मस्त वाजते, न माय?"

"हव. पण लांबी जास्तच आहे," मी म्हटलं. माझ्या हातात टेप होती आणि तोंडात टाचण्या. गाणं कोणतं होतं देव जाणे. संगीताची बसची वेळ झाली, ती गेली, आणि मी मशीनची खोळ काढून शिवायला बसले.

काय सांगू, जन्मात तशी खोळ शिवली नव्हती! ह्यांच्या मागावरून उतरलेल्या शेवटच्या कोशाच्या कापडाचा तुकडा मी ट्रंकेत जपून ठेवला होता, धानाच्या पिकल्या लोंबीच्या रंगाचा. वरून ते रेशीम, आतून जाड फलालीनचं अस्तर, खाली झालर, मागे बटणं. बार त्यात असा शोभला की दृष्ट काढावी.

रिमोट आधी चालेना. मग लक्षात आलं की त्याला बारचा दिवा दिसायला हवा. म्हणून मी दरवेळी नवरीचा पदर उचलावा तशी झालर उचलायची, बटण दाबायची आणि झालर परत सोडून द्यायची. त्याचा डोळा कुठं आहे हे मला समजलं. तोंड कुठं आहे हे मी विचारलंच नाही.

रिमोटमध्ये तोंडानं सांगायचीही सोय होती. मी नम्रपणे म्हटलं, "बापू, कालचा भाग लाव जी. सासू तुळशीपाशी उभी होती तो." त्यानं मला तुळशीचा काढा करायला शिकवलं. काढा बरा झाला.

पण आवाज? रोज संध्याकाळी संगीता फोनवर विचारी, "कसा आहे आवाज?" आणि मी इमानदारीनं सांगे, "गोधडीत तोंड घालून बोलल्यावानी." मग ती तिकडून एकेक बटण सांगायची. सिनेमाचं बटण दाबलं तर झालर थरथरे, फळीवरचे डबे गुणगुणत. बातम्यांचं दाबलं तर बातमी देणारी बाई विहिरीत पडून हाका मारते आहे असं वाटे. गाण्यांचं दाबलं तर तीच विहीर, फक्त बाई आनंदात. मी बार फळीवरून स्टुलावर आणला, स्टुलावरून खुर्चीवर आणला. खोळ मात्र दरवेळी नीट सारखी केली, कारण पाहुण्यांसमोर कसं दिसेल?

बेबीबाई मुद्दाम तपासायला आल्या. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "काकी, राग नोका येऊ देऊ. याच्यापरीस तुमचाच आवाज बरा होता जी. मले तं भिंतीतून सारं समजे."

शेवटी मी ह्यांना हाताला धरून आणलं. बार दिवाणाच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "कान लावून पाहा न जी, जरासा." ह्यांनी कान टेकवला. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की माझ्या काळजात लख्ख झालं. ऐकू येतंय ह्यांना!  थोड्या वेळानं कळलं, हे घोरत होते. फलालीन मऊ होतं ना.

उठल्यावर म्हणाले, "चांगला आहे. पण मले आयकू येत नाही. पोरीले सांग, तिचा दोष नाही, कानच गेले." आणि मागच्या खोलीत गेले.

त्या संध्याकाळी मी चालू टीव्हीसमोर झालर कुरवाळत बसले. बाहेर खळ्यावर चुरणी झालेल्या धानाचा वास, उन्हं कौलांवरून हळूहळू उतरत होती, मागच्या खोलीत काही हालचाल नाही. मला जागेपणीच स्वप्न पडल्यासारखं झालं. माग परत खटखट करतो आहे, घरात ते चांदणं उडतं आहे, आणि हे धोट्याच्या तालावर काहीतरी गुणगुणताहेत. इतकंच. तेव्हाही मी ओरडूनच बोलायची, पण तेव्हा कोणाला त्याची लाज वाटत नसे.

मी संगीताला फोन केला. परत ने म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे माय, सकाळी येतो." तिचाही आवाज पडलेला.

हे मी फोनवर ओरडूनच सांगितलं असणार, कारण हे उठून दारात आले. "परत देऊन राहिली काय?"

"हव."

"मंग माहं कापड कायले देते? शेवटचं आहे ते." आणि हे सरळ बारपाशी गेले. बटणं काढली आणि खोळ सर्रकन ओढली.

"सूनबाई, तो दिवा जरा इकडे सरकवा," एक बाई खोलीच्या मधोमध स्वच्छ बोलली.

मी दचकून दाराकडे पाहिलं. दारात कोणीच नव्हतं. टीव्हीवर सासू उभी होती. आणि हे, हातात खोळ घेऊन, तोंड उघडं ठेवून उभे होते.

"दिवा म्हणाली," हे म्हणाले. "दिवा सरकव म्हणाली, न?"

 मी नुसती मान हलवली. हे दिवाणावर, आपल्या बाजूला बसले. अख्खा भाग ऐकला. मी आयुष्यात पहिल्यांदा मालिकेभर गप्प होते. डोळे पाण्यानं भरलेले, मनात म्हणत होते, बाई गं, एवढी वाजणारी वस्तू आपण गोधडीत कोंबून ठेवली आणि वर तिलाच नावं ठेवली.

मग हे सावकाश माझ्याकडे वळले.

"ही आत्याबाई कोण?"

"तीच ती."

"हिले तं तू पोळ्याच्या आधीच मारली होती."

मी पदर सारखा केला. (मला ती आवडत नव्हती. काय करणार?)

"अन् तो ड्रायव्हर? तो तं या घरचा हरवलेला पोरगा होता न. मी कवापासून वाट पाहून राहिलो, कवा उघडं पडते म्हून. तो तं नुसता गाडीच पुसून राहिला."

मी म्हटलं, आता संपलं. आता ह्यांना खरी मालिका मिळाली, माझी दुकानदारी बंद. बार राहील, मी जाईन मागच्या खोलीत मागाजवळ.

 हे उठले, खोळ झटकली, बारवर चढवली, एकेक बटण लावलं, आणि विणकराच्या हातानं झालर सरळ केली. सासू पुन्हा विहिरीत गेली.

"यायच्या गोष्टीत काहीच होत नाही," हे म्हणाले. "सारा वेळ दिवाच सरकवून राहिले. तू सांग. ड्रायव्हरचं काय झालं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. ढँण ढँण नव्हतं. खोळीच्या आत नुसतं दूरच्या पावसासारखं काहीतरी चाललं होतं. मला ओरडावंच लागलं नाही. ह्यांच्या बऱ्या कानाशी वाकून मी साध्या आवाजात सांगितलं की आज ड्रायव्हरला आरशात आपल्या कपाळावरचा वण दिसला. हे म्हणाले, "मले वाटलंच होतं."

भिंतीपलीकडून बेबीबाईंनी भांडं आपटलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

बार ठेवला. बातम्यांना खोळ निघते, कारण बातम्यांत मला कोणाला मारता येत नाही. मालिकेला ती चढते.

संगीता सकाळी आली ती परत न्यायलाच, आणि आमचा बेत ऐकून कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, निदान कंपनीला अभिप्राय तरी लिहू, तू सांग. मी सांगितलं ते तिनं जसंच्या तसं लिहिलं: "वस्तू उत्तम आहे. आणल्यापासून घरात हिचा आवाज कोणालाही ऐकू येत नाही." आणि मी तिला पाचही चांदण्या द्यायला लावल्या.

(त्यातल्या चार खोळीच्या आहेत, पण तसं लिहायला तिथं जागाच नव्हती.)