विशूचं वाक्य

नाटक बसवायला तीन महिने लागतात, करायला दोन तास, आणि त्याबद्दल बोलायला उरलेलं आयुष्य. इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात मूळ नाटकांची नावं कुणाला आठवत नाहीत, कोण कुठे अडखळलं ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहे. कुणाकडेही चार डोकी जमली आणि पावभाजीचा दुसरा राउंड झाला की कुणीतरी म्हणतंच, "विशूचं सांग ना." सांगायचं काम माझ्याकडे येतं, कारण मी ग्रुपची प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरला प्रेक्षकांपेक्षा जास्त दिसतं आणि नटांपेक्षा जास्त पाठ असतं. मानधन दोघांइतकंच, म्हणजे काही नाही.

विशू म्हणजे विश्वास. दोन हजार सालानंतर पुण्याहून आयटीवाल्यांची जी लाट इकडे आली, त्यात तो आला. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. बायको मेधा, हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर. माणूस मनमिळाऊ, गप्पिष्ट, पार्टीत त्याला गप्प करायला केक कापावा लागतो. आणि हाच माणूस स्टेजवर गेला की मुका.

\*

त्याचं पहिलं नाटक गणपतीतलं. भूमिका नोकराची, वाक्य एकच: "साहेब, चहा आणू की कॉफी?" तालमीत तो ते इतकं छान म्हणायचा की आम्हाला खरंच चहाची तल्लफ यायची.

प्रयोगाच्या दिवशी ट्रे घेऊन आला, दिवे तोंडावर पडले, आणि वाक्य गेलं. मी विंगेतून म्हटलं, "चहा आणू." काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं. तरी काही नाही. तिसऱ्यांदा मी इतक्या मोठ्याने म्हटलं की पहिल्या रांगेतले एक काका मला म्हणाले, "आणा, साखर कमी."

हॉल फुटला. विशूने अतिशय सावकाश मान वळवून काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग रिकाम्या ट्रेकडे. प्रत्येक नजरेला एक हशा! नाटकाचा हिरो त्या दिवशी कोण होता, हे आज हिरोच्या बायकोलासुद्धा सांगता येत नाही.

नंतर सगळे त्याची पाठ थोपटत होते आणि हा कार पार्कमध्ये एकटाच गाडीला टेकून उभा. मी विचारलं, काय रे, झालं काय? तर म्हणाला, "सगळे हसले गं, पण मला वाक्य बोलायचं होतं." डोळे भरले होते त्याचे. मला एकदम वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी त्याच्या त्या एका वाक्याच्या मागे लागले.

\*

आमचे दिग्दर्शक डॉक्टर आपटे. कान-नाक-घशाचे सर्जन, सत्तरच्या दशकात आलेले, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी विशूला स्वतःच्या किचनमध्ये बसवून, टॉर्च मारून त्याचा घसा तपासला. आम्ही सगळे भोवती उभे. बराच वेळ आत बघून त्यांनी निदान केलं, "घसा उत्तम आहे. वाक्य खालपर्यंत येतच नाहीये."

उपाय म्हणून त्यांनी विशूला बिनवाक्याच्या भूमिका द्यायला सुरुवात केली. पोस्टमन झाला, झोपाळू न्यायाधीश झाला, वेटर तर इतक्यांदा झाला की त्याचा भाड्याने आणलेला काळा कोट आम्ही परतच केला नाही. दार उघडायचं, ट्रे ठेवायचा, एकदा बघायचं आणि जायचं. लोक त्याच्या एंट्रीची वाट बघायला लागले. विशू मात्र प्रत्येक नव्या नाटकाच्या वाचनाला आला की आधी हळूच विचारायचा, "मला काही बोलायला आहे का हो, डॉक्टर?" डॉक्टर चष्मा पुसत बसायचे.

\*

एका नाटकात तर तो मेलेला काका होता. ही भूमिका सुरक्षित आहे असं सर्वांचं मत पडलं.

आमची हिरॉईन हंबरडा फोडत त्याच्या अंगावर कोसळली आणि तिचं मंगळसूत्र त्याच्या स्वेटरच्या बटणात अडकलं. बाईंना उठता येईना. रडणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. बाकीची मंडळी काकांच्या मृत्युपत्राकडे जायला खोळंबली होती.

शेवटी मेलेले काका शांतपणे उठून बसले. त्यांनी मंगळसूत्र सोडवलं, बाईंना नमस्कार केला, स्वेटर नीट केला आणि पुन्हा मेले. मी विंगेत तोंडात पदर कोंबून जमिनीवर बसले होते. डॉक्टर आपटे म्हणाले, "हा माणूस मेल्यावरसुद्धा लाफ्टर घेतो."

\*

हे सगळं तो शिकला कुठे? तर चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथे जुन्या हॉलिवूडच्या ब्लॅक अँड व्हाइट विनोदी सिनेमांच्या डीव्हीडी पडलेल्या असतात, त्या हा पिशव्या भरभरून आणायचा. आम्ही त्याच्या घरी त्या बघायला बसलो की हिरो-हिरॉईनच्या भांडणात रंगायचो आणि हा ओरडायचा, "अरे तिकडे नका बघू, मागे बघा, मागे!"

मागे एक टक्कल पडलेला गृहस्थ असायचा. कधी हॉटेलचा मॅनेजर, कधी शिंपी, कधी बटलर, कधी ज्याच्या अंगावर सूप सांडतं तो. दोन-तीन मिनिटं यायचा. श्रेयनामावलीत त्याचं नाव इतक्या खाली की तोवर लोक कोट शोधायला लागलेले. विशू त्याला टकलूसाहेब म्हणायचा. या टकलूसाहेबांची सबंध कारकीर्द त्याने सिनेमे पुढे-मागे करून जुळवली होती. कोणत्या सिनेमात त्यांना प्रथम वाक्य मिळालं, कोणत्यात भुवई उंचवायला वेगळा शॉट मिळाला, म्हातारपणी त्यांना एकदाची खुर्ची मिळून बसून काम करायला कसं मिळालं, सगळं.

मी एकदा विचारलं की या माणसाला कधी वाटलं नसेल का, की आपण हिरो व्हावं? विशू म्हणाला, "कशाला? हिरोने दार ठोठावलं, तर उघडायला माणूस नको का? पण उघडल्यावर तो काहीतरी बोलतो गं. मला तेवढंच पाहिजे."

\*

गाडीत मात्र त्याला सगळं यायचं. मिल्टन कीन्समध्ये कुठेही जायचं तर राउंडअबाउटवर राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालून बाहेर पडायचे चौक. विशू गाडीत इतरांच्या वाक्यांची प्रॅक्टिस करायचा आणि वाक्य मनासारखं होईपर्यंत राउंडअबाउटमधून बाहेर पडायचा नाही. मेधाने फोन केला की स्पीकरवरून एकच उत्तर: "अजून त्याच राउंडअबाउटवर आहे."

एकदा पोलिसांनी पाहिलं. निळे दिवे लावून त्याला बाजूला घेतलं आणि इतक्या फेऱ्या कशासाठी, असं विचारलं. विशूने खरं ते सांगितलं. त्यावर तो पोलीस म्हणाला, ऐकवा बघू. विशूने गाडीतून उतरून, गवतावर उभं राहून, अख्खं वाक्य हावभावांसकट म्हणून दाखवलं. पोलिसाने मान डोलावली, थोडं आणखी रागावून म्हणा असं सुचवलं आणि सोडून दिलं.

विशू त्या दिवशी आमच्याकडे पेढे घेऊन आला. पोलीस का होईना, प्रेक्षक होता, असं त्याचं म्हणणं.

\*

मग एके दिवशी त्याच्या मुलीने, सानिकाने, जेवताना विचारलं. ती इथेच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "बाबा, तुझा नाटकात सगळे बोलते. तू कधी बोलणार?" मेधाने नंतर मला सांगितलं, त्याने घास तसाच ताटात ठेवला.

त्याच आठवड्यात त्याने लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद पाहिला. जवळच्या एका खेड्यातली हौशी नाटक मंडळी जुन्या हॉलिवूडच्या धर्तीवरची कॉमेडी करणार होती. हॉटेलात घडणारी, आणि त्यांना रिसेप्शनवरचा क्लार्क हवा होता. विशू गेला. आपण ऐन वेळी गप्प होतो, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. तिथल्या दिग्दर्शिका बाई म्हाताऱ्या, पायाशी कुत्रं. त्या म्हणाल्या, इथे सगळेच होतात, तू काळजी करू नकोस. आणि त्याला रोल मिळाला! वाक्य एकच: "मॅडम हॅज लेफ्ट, सर."

डॉक्टर आपट्यांना हे लागलं. आमच्याकडे इतकी वर्षं मराठीत वाचा फुटली नाही आणि त्यांच्याकडे जाऊन इंग्रजीत फुटणार का, असं ते दोन रविवार येता-जाता म्हणत होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी खिशातून सगळ्या ग्रुपची तिकिटं काढली आणि वाटली. वर बजावलंही, की इंग्रजांचं नाटक आहे, तिथे खाण्याचे डबे उघडायचे नाहीत, आपसात बोलायचं नाही, टाळ्या फक्त शेवटी.

\*

शनिवारची दुपार. खेड्यातला छोटा हॉल, मागे चहा आणि केकचं टेबल, लाकडी खुर्च्या. आम्ही तीन रांगा अडवल्या. बायकांनी चांगल्या साड्या नेसलेल्या, पुरुष टाय लावून. गावातले लोक आमच्याकडे बघून प्रेमाने हसत होते आणि आम्ही परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. मला हातात स्क्रिप्ट नसल्यामुळे हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

पडदा उघडला. काउंटरमागे विशू, काळ्या कोटात, टकलूसाहेबांचा सख्खा भाऊ शोभेल असा. हिरोचं काम करणारा जेफ्री, एरवी गावातला निवृत्त पोस्टमन, हॅट घालून आणि बॅग घेऊन दारातून आत आला. काउंटरवरची घंटी वाजवली आणि विचारलं, माझी बायको कुठे आहे?

विशूने मान वर केली. जेफ्रीकडे पाहिलं. मग, सावकाश, प्रेक्षकांकडे पाहिलं. हशा आला. हशा विरला. विशू गप्प.

मेधाने माझं मनगट धरलं. सानिका खुर्चीच्या कडेला आली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, ओठ हलतसुद्धा होते, पण ते माझं नाटक नव्हतं. जेफ्री भला माणूस, त्याने पुन्हा घंटी वाजवली. विशूने घंटीकडे पाहिलं. पुन्हा हशा, आणि पुन्हा शांतता, आधीपेक्षा मोठी. मी डोळे मिटून घेतले.

आणि मग विशूने घसा साफ केला, आणि हॉलच्या मागच्या चहाच्या टेबलापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात म्हणाला,

"मॅडम हॅज लेफ्ट, सर."

पुढचं काय झालं ते आम्हाला आवरता आलं नाही. डॉक्टर आपटे, टाळ्या फक्त शेवटी म्हणणारे डॉक्टर आपटे, खुर्चीवरून ताडकन उठले आणि ओरडले, "वन्स मोअर!" त्यांच्यामागे आमच्या तिन्ही रांगा उठल्या. वन्स मोअर, वन्स मोअर! मेधा रडत ओरडत होती. सानिका खुर्चीवर उभी होती. गावातल्या लोकांना वाटलं असावं की हे नाटकातच आहे, त्यामुळे तेही टाळ्या वाजवायला लागले.

जेफ्री स्टेजवर खिळून उभा. वन्स मोअर हा काय प्रकार असतो, त्याला कोण सांगणार? पुढचं वाक्य त्याचं होतं आणि आम्ही काही थांबत नव्हतो. विंगेतून दिग्दर्शिका बाईंचं डोकं बाहेर आलं, खालून कुत्र्याचंही आलं.

विशूने काउंटरवर दोन्ही हात ठेवले, आमच्या रांगांकडे एक नजर टाकली, जेफ्रीकडे किंचित झुकला, आणि स्क्रिप्टमध्ये कुठेही नसलेलं वाक्य, त्याच अदबीने, इंग्रजीत म्हणाला,

"सर, आमच्या वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांची विनंती आहे, आपण कृपया परत एकदा आत यावं."

जेफ्रीने त्याच्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. मग हॅट नीट केली, बॅग उचलली, बाहेर गेला, दार लावून घेतलं, आणि परत आत आला.