भिंतीतला गॅमा

लातुरात मला भांडायला कुणी नाही, ही माझी खरी अडचण आहे. बोलायला माणसं पुष्कळ आहेत. कॉलेजात आहेत, गल्लीत आहेत, आणि वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई तर दिवसभर बोलतात. पण माझ्या विषयात मला तोंडावर "हे साफ चूक आहे" म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते नांदेडला. माझे पीएच.डी.चे सर.

विषय सांगते. अणूचं केंद्रक कधी स्वस्थ बसत नाही. ते थरथरतं, कधी लिंबासारखं लांबट होतं, कधी पेढ्यासारखं चपटं. ही थरथर डोळ्यांना दिसणारी नाही. म्हणून त्याला एक न्यूट्रॉन गिळायला लावायचा. गिळला की जादा झालेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर पडते. कोणत्या ऊर्जेचे किरण किती आले ते मोजून आलेख काढायचा, आणि त्यात उभ्या राहिलेल्या टोकांवरून ते केंद्रक कसं थरथरतंय ते ओळखायचं. मी हे वर्गात एवढ्या उत्साहाने सांगते आणि पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, हे नीटला येतं का?" येत नाही. मग पेनं खाली ठेवली जातात.

कॅडमियमच्या आलेखात मला एक बारकं टोक सापडलं होतं. ते खरं असेल, तर ते केंद्रक आजवर कुणी मांडली नव्हती अशा रीतीने थरथरत होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं आणि म्हणाले, "हा भिंतीतला गॅमा आहे." म्हणजे न्यूट्रॉन इकडेतिकडे उधळले, प्रयोगशाळेच्या भिंतीत शिरले आणि हे किरण तिथून आले. माझ्या कॅडमियमचा त्यात काडीचाही संबंध नाही.

मग काय, दर रविवारी मी एसटीने नांदेडला सरांच्या घरी जायचे. अहमदपूर येईपर्यंत त्यांचे मुद्दे आठवायचे, लोहा येईपर्यंत ते खोडायचे. सर निवृत्त झाले होते, पण वादाला निवृत्ती नव्हती. एरवी मला "तू" म्हणायचे, चिडले की "अहो मॅडम". काकू जेवायला वाढता वाढता वैतागायच्या, "ती भिंत एकदाची पाडून तरी टाका." परतीच्या गाडीत माझं डोकं दुखत असायचं आणि मी सुखात असायचे. आठवड्यातून तेवढाच एक दिवस मी एकटी नव्हते, हे तेव्हा कुठे कळत होतं!

शेवटी दूरच्या एका अणुभट्टीवर पुन्हा मोजायला वेळ मिळाला. त्यात बरेच महिने गेले, रविवारच्या फेऱ्या थांबल्या. अधूनमधून फोन करायचे तर तो सरांचा मुलगा उचलायचा आणि सांगायचा, बाबा झोपलेत. मोजमाप नीट झालं. टोक कॅडमियमचंच निघालं, भिंत निर्दोष सुटली. शोधनिबंध लिहून तयार होता, त्यावर आम्हा दोघांची नावं होती. पाठवण्याआधी मला फक्त एवढंच हवं होतं की सरांनी तो वाचावा, कडाकडा भांडावं, आणि एकदा, एकदाच, हरावं.

दार काकूंनी उघडलं. सर खुर्चीत बसले होते, दाढी कुणीतरी नीट करून दिलेली. मला बघून हसले. मी आलेख पुढे ठेवला. त्यांनी टोकावरून बोट फिरवलं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले.

मी थांबले. ते पेन मागतील म्हणून थांबले. त्यांनी मागितलं नाही.

"सर, पण तुम्ही म्हणाल," मीच सुरू केलं, "की कॅडमियम उचलून रिकामं मोजलं, तर न्यूट्रॉन सरळ निघून जातात. भिंतीकडे उधळतच नाहीत. मग टोक दिसणार कसं? म्हणून मी त्या जागी ग्राफाइट ठेवलं, सर. ते न्यूट्रॉन उधळतं. तरी टोक आलं नाही. म्हणजे ते भिंतीचं नाही."

"हाव."

"की मग ते भिंतीचंच असेल?"

"हाव."

"काढून टाकू?"

"हाव, टाक काढून," सर म्हणाले आणि तितकंच गोड हसले.

मला रडू आलं, आणि रडण्याआधी राग आला. तो कुणावर काढावा तेच कळेना. मी कागद गोळा केले.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "आता समद्याला हावच म्हणतेत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं म्हटलं, असंच राहील. आधी भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. लई राग यायचा मला. आता कसंबी करा, मुकाट खातेत."

त्यांनी आम्हा दोघांना वाढलं. गवारीची भाजी होती. सर खाली मान घालून जेवू लागले. काकू त्यांच्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे बघायला लागल्या.

"खरं सांग, कशी झाली?"

इतकी वर्षं या घरात मी "छान" याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

"मीठ कमी आहे, काकू," मी म्हणाले. "आणि शेंग जरा कच्ची राहिलीय."

"कच्ची? काईबी सांगतीस! कवाची शिजून राहिली होती!"

"मग खाऊन बघा."

"बघतेच," त्या म्हणाल्या, आणि पाट ओढून माझ्यासमोर बसल्या.