उलटा आकडा आणि बिदरी पानदान

धोंड्याचा महिना होता. पेडगावच्या सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना वाणाला बोलावलं होतं. थोरला मी, परभणीच्या उर्दू शाळेत घासलेला. धाकटा माझा साडू, इंग्रजी मुलखातला, नगरकडचा. इतका गोरा, की तो ओसरीवर बसला म्हणजे कंदिलाचं तेल वाचायचं. सासूबाई त्याच्या पानावर तांब्यातून तुपाची धार धरीत. माझ्या पानावर तेच तूप थेंब थेंब, दवा दिल्यासारखं. माझी लग्नाची बायकोसुद्धा त्याच्या विनोदांना हसायची. ते विनोद असे, की ऐकून बैलानं दावं तोडावं.

सासऱ्यांना आकड्यांचा लय नाद. जेवणं झाल्यावर त्यांनी आपलं बिदरी पानदान मधे ठेवलं. काळ्या धातूवर चांदीची वेल. लग्नातल्या अक्षतांपासून माझा जीव त्या पानदानात अडकलेला. मग फरशीवर कोळशानं उर्दू अंकांत एक आठअंकी आकडा लिहिला आणि म्हणाले, वाणात तेहतीस अनारसे हायेत, तर ह्याला तेहतिसानं पुरता भाग जातो का ते भागाकार न करता सांगा. जिंकेल त्याचं पानदान.

सात कोटी एकतीस लाख चौऱ्याण्णव हजार सहासष्ट. मी मनात दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडल्या. त्र्याहत्तर, एकोणीस, चाळीस, सहासष्ट. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव, म्हणजे तेहतीस सख्ख; बेरजेला भाग गेला, की आकड्यालाही जातो. "जातो!" मी असा गरजलो, की पूर्णा स्टेशनात उभं इंजिन दचकलं असेल.

त्याच दमात साडूही म्हणाला, जातो.

उर्दू अंक तो सासऱ्यांकडून नवेच शिकलेला; पण त्याचं बोट उजवीकडून सरकलेलं मी पाहिलं होतं. मी साखर पेरून म्हणालो, साडूबुवा, आकडा जरा मोठ्यानं वाचा की. त्यानं वाचला: सहा कोटी साठ लाख एकोणपन्नास हजार एकशे सदतीस.

"मामा, उर्दू अक्षरं उजवीकडून चालतात, आकडे न्हाई. ह्यांनी सगळा आकडाच उलटा वाचला."

सासऱ्यांनी उलट्या आकड्याच्या जोड्या मांडल्या. सहासष्ट, चार, एक्याण्णव, सदतीस. बेरीज पुन्हा एकशे अठ्ठ्याण्णव. त्यांनी दुसरा आकडा लिहिला, उलटवला. तिसरा उलटवला. सुलट्याला तेहतिसानं भाग गेला, की उलट्यालाही जायचाच. फरशी काळी झाली आणि सासऱ्यांचं तोंड उजळत गेलं.

"सारी उमर आकड्यात गेली माझी, पर ही गंमत कुणी दाखविली नव्हती. ह्यांनी दाखविली."

"ह्यांनी कुठं, मामा? मी दाखविली."

"तुमी चूक दाखविली, जावई. गंमत त्यांची हाय."

पानदान साडूच्या मांडीवर गेलं. तो पान खात नव्हता. सुयादोरे ठेवायला बरं आहे, म्हणाला.

परतीच्या बैलगाडीत बायको साडूच्या अकलेचं कौतुक करायलीय आणि मी धुरकरीशेजारी बसून आकडे उलटवायलोय. वाटलं, एक तरी दगा देईल. तेहतिसानं भाग जाणारे सगळे मेले नगरकडचेच निघाले.