वायरमनचा पतंग

बाईंचं काम चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. नणंदेने एकदा फारच खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "वन्सं, मेलेल्या पतंगांची जननेंद्रियं काढते मी. त्यावरून त्यांची जात ठरते."

नणंदेने कानांवर हात ठेवले. "शी गं बाई! आणि याचा पगार देतात?"

देतात की! पतंगांचं कसं आहे, वरून दोघे जुळे भाऊ वाटावेत. तोच तपकिरी रंग, तेच ठिपके. पंखांवर भरवसा ठेवाल तर फसाल. पण नराच्या पोटाच्या टोकाला आत एक चिमटा असतो, तो प्रत्येक जातीचा निराळा. पोट मोडायचं, काचेच्या नळीत कॉस्टिकच्या पाण्यात उकळायचं, ब्रशने साफ करून चिमटा काचेवर मांडायचा. बाईंचा उभा जन्म म्युझियमच्या खोलीत यातच गेला. मान धरली, डोळे गेले, बोटं थरथरू लागली. महिनाअखेर निवृत्त झाले की सुटले एकदाची, असं त्या येता-जाता म्हणायच्या.

पण एका पतंगात जीव अडकला होता. यजमान रस्त्यावरच्या दिव्यांचे वायरमन. दिव्यावर आलेले पतंग डबीत घालून आणायचे आणि टुमणं लावायचे, "अगं, एखादा तरी माझ्या नावाचा निघू दे की!" नव्या जातीला कधीकधी पकडणाऱ्याचं नाव देतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. निघाले सगळे नेहमीचेच. यजमान गेले, तेव्हा त्यांचा एकच पतंग तपासायचा उरला होता. तो बाईंनी मुद्दाम मागे ठेवला. तपासला की आशाही संपली.

शेवटी एका दुपारी मन घट्ट करून त्यांनी तो घेतला. पोट काही केल्या मोडेना. एरवी वाळक्या पानासारखं तुटतं. "बोटांत जोरच उरला नाही मेला," असं पुटपुटत त्यांनी ते कसंबसं काढलं, उकळलं, साफ केलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पंख नेहमीच्या तपकिरी पतंगाचे, पण चिमटा त्याच्या भाऊबंदांत कुणाचाच नव्हता!

बाईंची हाक ऐकून म्युझियमचे साहेब धावत आले, पुन्हापुन्हा पाहिलं. "बाई, नवी जात आहे ही! आणि नाव तुमच्या यजमानांचंच!"

बाई स्टुलावर बसल्या. रडू आलं, तर रडून घेतलं.

साहेब गेल्यावर त्या नळी धुवायला उठल्या. तळाशी पिवळट खडा होता, उकळूनही न विरघळलेला. सुईने टोचला, तर दगडासारखा. बाईंनी चष्मा काढून पाहिला. त्याची तुटलेली दांडी यजमानांनी जोडली होती. सांध्यावर तसलाच पिवळा थेंब. दोन ट्यूबांतलं कालवून लावायचं ते लुकण! घरात कपाच्या कानापासून खुर्चीच्या पायापर्यंत त्यांनी काही सोडलं नव्हतं.

"अहो, काय करून ठेवलंत हे!" बाई मोठ्याने म्हणाल्या. पतंगाचं पोट गळलं असणार. बायको ओरडेल म्हणून डबीच्या तळाशी पडलेलं दिसेल ते पोट उचलून चिकटवलं असणार.

नळी विसळली असती, तर कुणाला कळणार होतं? बाई नळापाशी घुटमळल्या. पण मग पुढे एखादी पोरगी हे पंख आणि हा चिमटा एकत्र शोधत मान मोडून घेणार, मुळात नसलेल्या पतंगासाठी. त्या मानेचं दुखणं बाईंना ठाऊक होतं. त्यांनी खडा बशीत काढला आणि जड पायांनी साहेबांकडे नेला.

दोघांनी मग दुसऱ्या कुळाचं कपाट उघडलं. चिमटा एका साध्या करड्या पतंगाचा निघाला.

"फार वाईट वाटलं हो, बाई."

"मला नाही का वाटत?" बाईंचा आवाज चढला, मग उतरला. "द्या ती पतंगाच्या टाचणीला लावायची चिठ्ठी इकडे."

त्यांनी बारीक अक्षरांत लिहिलं: पंख एका जातीचे, पोट दुसरीचं. पकडणारा, दिव्यांचा वायरमन. चिकटवणारा, तोच.

साहेबांनी वाचलं. "शेवटचं कशाला? उगीच लोक हसतील."

"हसू देत," बाई म्हणाल्या. "असा पतंग जगात फक्त यांनीच केलाय."