दोरीपलीकडची काकी

खाप्याच्या काकींना एकच प्रश्न दोनदा विचारला, तर दोन उत्तरं मिळत, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे. वैतागून मी एकदा तिसऱ्यांदा विचारलं, तर तिसरं मिळालं.

साहेब देशाच्या राजकारणात फार वर गेले आणि ते वारल्यावर त्यांच्या खाप्यातल्या लहानपणच्या घराचं स्मारक झालं. काकी त्यांच्या चुलतभावाच्या विधवा; साहेबांना त्या 'दादा' म्हणत. घर सांभाळत मागच्या खोलीत राहत. खोल्यांवरच्या पाट्यांचा मजकूर लिहायला स्मारक समितीने मला नागपूरहून धाडलं होतं. साहेब निजायचे कुठं, अभ्यासाला बसायचे कुठं, हे सांगणारं काकींशिवाय कोणी उरलं नव्हतं. म्हणजे माझी सगळी भिस्त त्यांच्यावर, आणि तिथंच घोळ होता.

काकींच्या लेखी ते स्मारक नव्हतंच. 'हात लावू नये' असं लिहिलेल्या पेटीत पापडांचे डबे असत. येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न, "जेवून आले का गा?" एका बड्या अधिकाऱ्याला त्यांनी साहेबांच्या खुर्चीवरून उठवलं, तेव्हा मला बरं वाटलं. चला, नियम पाळला. पण लसूण निवडायला त्यांना स्वतःलाच तिथं बसायचं होतं.

अभ्यासाची जागा सोमवारी माडीवर असे, बुधवारी ओसरीत. मी टोकलं की म्हणत, "उन्हाळ्यात खाली, थंडीत वर. पोरगं एका जागी बसते काय?" हे पटायचं, हीच पंचाईत. "आणि तुमच्या खोलीत?" असं मी सहज विचारलं, तर हसल्या. "इथं ढोरं बांधत होते गा!"

मग समितीचा इंजिनियर आला. पाहुण्यांसाठी संडास हवेत म्हणून मागची खोली पाडायचं ठरलं होतं. काकींना फाटकाजवळ नवी खोली मिळणार होती. त्याने भिंतीवर खडूने फुली मारली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी काकींनी हाताला धरून मला आत नेलं.

"लिही. दादा अभ्यास इथंच करत होते."

"अहो काकी, इथं तर ढोरं होती ना?"

"ढोरंबी होते, दादाबी होते. तू पेन काढ."

माझं डोकं चालेना. पाटी लागली तर खोली वाचणार, पण दारात दोरी येणार आणि मग त्यांनाही आत पाऊल टाकता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. "मालूम आहे मले," एवढंच म्हणाल्या. मी लिहिलं. खोली वाचली. फाटकाजवळच्या खोलीकडे न बघता काकी मौद्याला लेकीकडे निघून गेल्या. नंतर ते घर मला उगाच परकं वाटायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात मी पाट्यांच्याच कामासाठी तिथं असताना त्या लेकीसोबत आल्या, पाहुण्यांसारख्या रांगेतून. दोरीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मी हळूच विचारलं, "काकी, आता तरी खरं सांगा. साहेब इथं अभ्यास करत होते?"

"काहून विचारून राहिला? मले काय मालूम गा! मी लगन होऊन आली तवा दादा दिल्लीले होते."

मी हबकलो. माझ्या हातची पाटी खोटी होती, की काकी आज थट्टा करत होत्या, काहीच कळेना. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि दोरीवरून बोट करून आतली भिंतीलगतची जागा दाखवली.

"तुम्ही तिघंबी भावंडं तिथंच झाले वं. पाहून घे."