गरमीत बसल्या, गारव्यात उठल्या!

मंडळी, नाचावंसं वाटतंय मला! सुट्टीला कोरीटला घरी आलेय आणि आत्ताच लॅबमधल्या मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला.

आम्ही माणसाच्या पेशी तापवल्या होत्या. त्यांतली आरएनएला धरून राहणारी प्रथिनं गोळा झाली, त्यांचे ठिपके दिसू लागले आणि पेशींचं बरंचसं काम थांबलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण गारवा मिळाला आणि ठिपके विरघळले, काम पुन्हा सुरू!

मी ओरडतच आईला सांगितलं की फार तापलं तर पेशीसुद्धा काम सोडून बसतात.

आई म्हणाली, "हाई तुन्हा बापले सांग! तो आते भी वावरमा शे."

आता वडिलांना, म्हणजे आण्णांना, शेतात जाऊन व्हिडिओ दाखवायला मीच भर उन्हात निघालेय. तुमच्या घरात न ऐकणारं कोण आहे?